लिफ्टकाकांचा रिपोर्ट

त्या सात मजली कचेरीत लिफ्टकाकांना ओळखत नाही असा माणूस नव्हता, आणि त्यांच्या खोलीवर कधी आलेला माणूसही नव्हता. सकाळी आठला लोखंडी पेटीत शिरायचं, संध्याकाळी सातला बाहेर पडायचं. बाहेर ऊन किती आहे, हे त्यांना आत येणाऱ्यांच्या घामावरून कळे.

गेली दोन वर्षं छातीने उच्छाद मांडला होता. सर्दी झाली की थेट छातीत उतरायची आणि खोकला महिनाभर मुक्काम ठोकायचा. पण खरं सांगायचं तर त्या खोकल्याने काकांची एक सोय केली होती. दूरच्या शहरात नांदणारी एकुलती एक लेक, एरवी महिन्यातून एकदा घाईघाईत बोलणारी, रोज संध्याकाळी फोन करू लागली. "बाबा, आज कसं आहे?" या चार शब्दांवर काकांचा दिवस निघायचा.

रक्तही लेकीनेच हट्टाने तपासायला लावलं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "काका, व्हिटॅमिन डी अगदी तळाला गेलंय. ते कमी असलं की सर्दी, छातीचा संसर्ग पुन्हा पुन्हा होऊ शकतो. सगळा दोष त्याचाच असं नाही म्हणत मी, पण भरून तर काढू. आठवड्याला एक गोळी, एकच हं, आणि दुपारी जरा उन्हात बसत जा."

काका शहाण्यासारखे वागले. जेवणाच्या सुट्टीत गच्चीवर पाण्याच्या टाकीशेजारी बाह्या वर करून बसू लागले, एकटेच. हिवाळा आला नि गेला, छातीने हूं की चूं केलं नाही. फोन मात्र रोजचा दिवसाआड झाला, मग आठवड्याने.

दुसऱ्या तपासणीचा रिपोर्ट आणायला निघाले तेव्हा काकांच्या मनात एक लाजिरवाणी गोष्ट होती. आकडा कमी यावा असं त्यांना वाटत होतं. थोडासाच, लेकीला घोर लागू नये पण फोन करावासा वाटावा इतका. माणसाने असलं काही मागू नये, हे त्यांनाही कळत होतं. आकडा उत्तम आला. डॉक्टरीणबाई खूश झाल्या. "आता वर्षाने या," म्हणाल्या.

थाप मारावी असं मनात येऊन गेलं, पण जीभ रेटेना. संध्याकाळी काकांनी स्वतःच फोन लावला आणि खरं तेच सांगितलं.

"वा बाबा, जीव भांड्यात पडला माझा. आता मी निर्धास्त."

"हो," काका म्हणाले. "गुडघा तेवढा कधीकधी..."

पण तिकडून फोन केव्हाच बंद झाला होता.