फ्रिजवाली मावशी

हे नाव तिला आमच्या जिन्यावरच्या पोरांनी दिलं. कारणही तसंच होतं. बाई घरात शिरली की चपला दाराशी, हात नळाखाली, आणि लगेच फ्रिजचं दार सताड उघडं! "बघू बघू, आज काय काय आहे?" असं म्हणत आत डोकावायची, जणू तिच्याच माहेरचं घर.

माझ्या शेजारणीकडे यायची ती. शेजारीण हॉटेलच्या चादरी धुणाऱ्या लॉन्ड्रीत इस्त्रीला जाते. नवरा कामाला म्हणून गेला तो गेलाच. पदरात दोन मुली. एकदा धाकटीला आत ठेवून, बाहेरून कडी लावून ही कामावर गेली, पोर रडून रडून लाल झाली, कुणीतरी तक्रार केली. मी नाही हं, उगाच माझ्याकडे बघू नका. झालं, बालकल्याणच्या ऑफिसातून माणसं आली. घर सुधारलं तर ठीक, नाहीतर दोघींना बालगृहात नेऊ, असं तोंडावर सांगून गेली. आणि घर सुधारायला हात द्यायचा म्हणून या मावशीला पाठवलं. तिची नोकरीच ती. मुलं आईपासून तुटू नयेत म्हणून लोकांच्या घरी जाऊन उभं राहायचं.

बाई मोठी मायेची होती. शेजारणीची कामाची पाळी बदलून घ्यायला लॉन्ड्रीच्या मालकाशी स्वतः भांडली. धाकटीला दुपारी माझ्याकडे ठेवायचं तिनेच ठरवलं. मला विचारलं का? नाही! "काकू, तुमचं दार उघडंच असतं," म्हणाली आणि पोर माझ्या शिलाई मशीनपाशी बसवून गेली. केसातल्या उवांपासून शाळेच्या बुटांपर्यंत सगळं बघायची. पण पाणीसुद्धा स्वतःच्या बाटलीतलं प्यायची. कामाच्या घरी काही खायचं-प्यायचं नाही, असा त्यांचा नियम.

पहिल्या दिवशी फ्रिजमध्ये फक्त अर्धा कांदा होता. तेव्हा ती शेजारणीला म्हणाली होती, "अगं, हे साहेबांनी पाहिलं तर मुली ठेवतील का इथे? आणि हे बघ, मी कधीही येईन, न सांगता."

पुढच्या खेपेपासून फ्रिज भरलेला. दूध, अंडी, सफरचंदं, चीजचा डबा. मावशी खूश, ऑफिस खूश, मीही खूश. घर मार्गाला लागलं म्हणून मीच सगळ्यांना कौतुकाने सांगत सुटले होते.

आणि एका सकाळी शाळेतून निरोप आला. थोरली रांगेत चक्कर येऊन पडली. डॉक्टर म्हणाले, पोर उपाशी आहे.

उपाशी? मी ऐकतच राहिले. काहीतरी घोळ झाला असेल, दुसऱ्याच कुणाची मुलगी असेल, असंच मला वाटलं. तोवर मावशी थोरलीला घेऊन जिना चढून आलीसुद्धा. पोरीचा चेहरा पांढराफटक पडला होता. धाकटी त्या दिवशी सकाळपासूनच माझ्याकडे होती. शेजारणीने माझ्याकडे ठेवलेल्या किल्लीने मी दार उघडलं. मावशीने सवयीने फ्रिज उघडला. सगळं जागच्या जागी, गच्च भरलेलं.

"अगं बाई, मग ही उपाशी कशी?" असं म्हणत तिने अंडी उकडायला बाहेर काढली, तर धाकटी किंचाळून तिच्या हाताला लोंबकळली. "नको! नको ना! ते मावशीचं आहे!"

"कुठल्या मावशीचं, राणी?"

"तुझं!"

मावशीने हातातलं अंडं ओट्यावर ठेवलं आणि ती धाकटीसमोर खाली बसली.

मग थोरलीने सांगितलं. आईने सांगून ठेवलंय, मावशी कधीही येते, फ्रिज रिकामा दिसला तर आपल्याला नेतील. म्हणून हात लावायचा नाही. दूध नासायला आलं की प्यायचं, सफरचंद मऊ पडलं की खायचं, आणि आईने त्याच्या जागी नवीन आणून ठेवायचं. एरवी चहा आणि पाव. पाव नसला की नुसता चहा.

देवा! भिंतीला भिंत लागून राहते मी, आणि मला पत्ता नाही! दुपारी मी खायला काही दिलं की धाकटी अर्धं ताईसाठी खिशात कोंबायची. मला वाटायचं, काय गुणाची पोर.

तेवढ्यात शेजारीण धापा टाकत आली. ओट्यावर अंडी बघून तिच्या तोंडचं पाणी पळालं. "ताई, पोरींनी काढली का? मी लगेच दुसरी आणते. मी आणते ना! मुलींना नेऊ नका!"

"गप," मावशी म्हणाली. "या घराला मी हात द्यायला येत होते गं. आणि माझ्याच भीतीने..." मग ती उठली, पदर खोचला आणि धाकटीला म्हणाली, "माझं आहे ना हे सगळं? मग मी वाढणार, आणि मी सांगेन त्याने खायचं!" तिने होती नव्हती ती सगळी अंडी उकडली, दूध तापवलं, सफरचंदं चिरली. पोरी तिच्याकडे बघत बसल्या, हात काही पुढे येईना. तेव्हा नियम गेला खड्ड्यात म्हणत तिने स्वतः पहिला घास घेतला. मग त्या तुटून पडल्या. मला बघवेना, मी खिडकीकडे तोंड करून उभी राहिले.

शाळेने ऑफिसला कळवलं होतंच. दुसऱ्या दिवशी साहेब आले, हात मागे बांधून घरभर फिरले आणि त्यांनी फ्रिज उघडला. आत बर्फ सोडून काही नव्हतं. शेजारणीने माझा दंड इतका घट्ट धरला की नखं रुतली.

"रिकामा?" साहेब म्हणाले.

"आम्ही खाल्लं!" धाकटी म्हणाली. "सगळं!"

मावशी पुढे झाली. "साहेब, कालपर्यंत हा भरलेला होता, तेव्हा पोरी उपाशी होत्या. शिकवण माझी चुकली. यांना नेणार असाल तर आधी माझी नोकरी घ्या." आणि काहीही न लपवता तिने सगळं सांगितलं. साहेबांनी बराच वेळ फ्रिजचं दार धरून ठेवलं, मग हळूच लावलं.

मुली राहिल्या. मावशी आता जेवायच्या वेळेला येते, फ्रिजकडे बघत नाही, पोरींबरोबर ताटावर बसते. शेजारीण हसते-बोलते. सगळं छान चाललंय.

फक्त धाकटी. परवा मी तिच्या हातात एक सफरचंद दिलं. तिने ते फ्रॉकला पुसलं, मशीनवर नीट मांडून ठेवलं आणि मला विचारलं, "काकू, दाखवून झालं की खाऊ ना?"