मेल येते, जात नाही

चंपत इढोळे तरुणपणी वाशीमला टायपिंग शिकला तो तहसील कचेरीत बाबू व्हायचं म्हणून. परीक्षा पास झाला, बाबू काही झाला नाही. बाप थकल्यावर शेलूबाजारजवळच्या ओलिताच्या वावरात वांगी, पालक, मेथी, सांभार म्हणजे कोथिंबीर असं करू लागला आणि त्यातच पन्नाशी आली. टायपिंग मात्र बोटांत राहून गेलं होतं. त्यामुळे गावच्या भाजीवाल्या शेतकऱ्यांनी गट काढला, कृषी केंद्राच्या मागची खोली भाड्यानं घेतली आणि एक जुना कॉम्प्युटर आणून ठेवला, तेव्हा तो चालवायचा कोणी, हा प्रश्न निघालाच नाही. "चंपतले येते," असं गटाचे अध्यक्ष उकंडराव म्हणाले आणि ठरून गेलं.

काम तसं सोपं होतं. उद्या कोणाकडून काय माल निघणार, हे दुपारपर्यंत विचारून घ्यायचं आणि नागपूरच्या एका कंपनीला मेल करायची. ही कंपनी हॉटेलांना आणि मेसवाल्यांना भाजी पुरवायची. तिथला कॉम्प्युटर गटाच्या पत्त्यावरून आलेली मेल स्वतःच वाचायचा, ऑर्डर तयार करायचा, आणि सकाळी समृद्धी महामार्गावरून गाडी यायची. शेलूबाजारच्या फाट्यावर माल भरला की दुपारच्या आत नागपूर. अडत्याच्या दारात हर्रासाची, लिलावाची वाट पाहत बसणं सुटलं होतं. लोक खूश होते, आणि चंपतला कधी नव्हे तो थोडा मान मिळू लागला होता.

मग हिवाळ्याच्या सुरुवातीला खोलीत नवीन फायबरची लाइन आली. जुनी लाइन रडतखडत चालायची. नव्या लाइनवर व्हिडिओ असा पळायचा की कृषी केंद्राचा मालकही मागच्या खोलीत येऊन पाहत उभा राहायचा. लाइन जोडली उदयसिंगनं. शेलूबाजारात फायबरचं काम त्याच्याकडेच होतं. त्यानं स्पीड दाखवली, सही घेतली आणि गेला.

दुसऱ्या दिवशी सकाळी फाट्यावर गाडी आली नाही.

मेथीच्या जुड्या ओल्या पोत्याखाली ठेवून लोक रस्त्याच्या कडेला बसले होते. ऊन चढलं तसे एकेकाचे फोन चंपतला येऊ लागले. त्यानं नागपूरला रुचिकाला लावला. कंपनीत ऑर्डरींचं काम ती पाहायची.

"काका, तुमची मेल आलीच नाही," ती म्हणाली.

"अवो मॅडम, मी सोता पाठोली. बटन दाबलं नं मी."

"आमच्याकडे काहीच नाही. तुमच्या आउटबॉक्समध्ये बघा."

चंपतनं पाहिलं. मेल आउटबॉक्समध्येच बसून होती. पुन्हा पाठवली. गोल चक्र फिरत राहिलं आणि शेवटी इंग्रजीत उत्तर आलं, की सर्व्हरशी जोडणी झाली नाही, वेळ संपला. पुन्हा पाठवली. पुन्हा तेच. गंमत म्हणजे नागपूरहून येणाऱ्या मेली बिनदिक्कत येत होत्या. येत होतं सगळं, जात मात्र काही नव्हतं.

त्या दिवशीची मेथी बाजारात फुकटाच्या भावानं गेली. उरली ती ढोरांपुढं टाकली.

चंपतनं उदयसिंगला बोलावलं. तो आला, मोबाइलवर स्पीड मोजली आणि म्हणाला, "भाऊ, लाइन एक नंबर हाय. व्हिडिओ चालते का?"

"चालते."

"मंग? नेट येऊन राह्यलं म्हंजे आपलं काम झालं. तुमच्या कॉम्प्युटरमंदीच काईतरी गडबड असन."

फायबर कंपनीच्या तक्रार क्रमांकावर फोन केला, तर तिकडची मुलगी म्हणाली, "सर, राउटर बंद करून चालू करा." केलं. दुसऱ्यांदा लावला, तर दुसऱ्या मुलानं पुन्हा राउटर बंद करून चालू करायला लावलं. तिसऱ्या वेळी चंपत आधीच म्हणाला, "राउटर बंद करून चालू केलं हाय, आता पुढचं सांगा." तिकडून शांतपणे उत्तर आलं, "सर, एकदा माझ्यासमोर करा." संध्याकाळी त्याच्या फोनवर मेसेज आला, की आपली तक्रार सोडवण्यात आली आहे.

"कोनं सोडवली? कधी सोडवली?" तो मोबाइलकडे पाहून ओरडला. त्याची बायको बेबीबाई सांभाराच्या जुड्या बांधत होती. ती म्हणाली, "त्या फोनवर कायले वरडता? त्याच्यात मानूस हाय का?"

चंपतनं जमेल ते सगळं करून पाहिलं. पासवर्ड चुकला असेल म्हणून मेलच्या प्रोग्राममध्ये दुसरा टाकून पाहिला, तर येणाऱ्या मेलीही बंद झाल्या. घाबरून जुना टाकला तेव्हा त्या सुरू झाल्या. अँटिव्हायरस बंद केला. मेल आखूड लिहून पाहिली, कारण कृषी केंद्राच्या मालकाचं म्हणणं होतं की मेल जड झाली असेल. मोबाइलवरून, स्वतःच्या पत्त्यावरूनही पाठवली. ती मात्र चटकन गेली. पण रुचिका म्हणाली, "काका, सिस्टीम हा पत्ता ओळखत नाही. गटाच्या पत्त्यावरूनच यायला हवी." एक दिवस तिनं दया येऊन फोनवर ऑर्डर लिहून घेतली. दुसऱ्या दिवशी म्हणाली, "मला वरून बोलणी बसली. आता नाही घेता येणार." गटाचा पत्ता फोनच्या ब्राउझरमध्येही उघडता येतो, हे बिचाऱ्याला कुणी सांगितलेलंच नव्हतं.

रोज दुपारी तो मेल लिहायचा, पाठव म्हणायचा, ती आउटबॉक्समध्ये जाऊन बसायची. आज ना उद्या जाईल, या आशेवर त्यानं एकही काढून टाकली नाही. लोक आता खोलीत येऊन त्याच्या मागं उभे राहू लागले होते. त्यातल्या कुणीच कॉम्प्युटरला हात लावलेला नव्हता, पण सल्ला प्रत्येकाकडे होता. उकंडराव खुर्चीवर बसून काठीवर हनुवटी टेकवायचे आणि म्हणायचे, "आधी जात होती नं बापा? मंग आता काहून नाई जात? तूच काईतरी दाबलं असन."

"काकाजी, मी काईच नाई दाबलं."

"मंग आपोआप बंद झाली का?"

खरं तर ती आपोआपच बंद झाली होती, पण हे सांगितलं तर कोण ऐकणार?

अशातच रस्त्याच्या कामावरच्या जेसीबीनं फायबरची केबल तोडली. खोलीतलं नेट पूर्ण गेलं. चंपतला नागपूरची मेल पाहायची होती, म्हणून त्यानं कॉम्प्युटर आपल्या मोबाइलच्या नेटला जोडला. प्रोग्राम उघडला, आणि त्याच्या डोळ्यांदेखत आउटबॉक्स रिकामा झाला. इतके दिवस अडकलेल्या मेली एकामागून एक निघून गेल्या.

तो उठून उभा राहिला. "गेली! गेली रे गेली!" कृषी केंद्राचा मालक धावत आला. चंपतनं उकंडरावांना फोन केला, बेबीबाईला फोन केला.

आनंद फार टिकला नाही. दुपारी रुचिकाचा फोन आला, आणि तिचा आवाज वेगळाच होता. "काका, हे काय केलंत? तुमच्या इतक्या मेली एकदम आल्या. सिस्टीमनं प्रत्येकीची ऑर्डर धरली. उद्यासाठी गाड्या ठरल्यासुद्धा."

"अवो, त्या जुन्या मेली हायेत! तो माल केव्हाचाच इकला."

"मेलवर आजची तारीख आहे. मी आता काय करू?"

सकाळी फाट्यावर एकीऐवजी दोन गाड्या उभ्या राहिल्या. लोकांनी घाईनं कोवळी मेथी उपटली, सांभार हाती लागेल तसा कापला, तरी एक गाडीसुद्धा भरली नाही. दुसऱ्या गाडीचा ड्रायव्हर शिव्या देत ती रिकामीच घेऊन परत गेला. त्याच संध्याकाळी कंपनीनं कळवलं की मेथी आणि सांभार आता दुसऱ्या गटाकडून घेऊ, तुमच्याकडून फक्त वांगी आणि पालक, तेही पाहून.

खोलीत बैठक बसली. उकंडराव सगळ्यांसमोर म्हणाले, "आधी पाठवता आली नाई, मंग पाठवली तं सगळीच पाठवली. चंपत, तुले जमत नसन तं सांग. गटाचा सत्यानास नको करू."

इतके दिवस स्वतःच्या वावराला पाणी द्यायचं सोडून चंपत त्या पडद्यासमोर बसला होता, फोनवर अनोळखी पोरांचं तेच ते ऐकलं होतं, आणि आता सगळ्यांच्या लेखी चोर तोच होता. तो उठला आणि घरी निघाला. वाटेत मात्र एक गोष्ट डोक्यात घोळत राहिली. मोबाइलच्या नेटवर गेली. फायबरच्या नेटवर जात नाही. कॉम्प्युटर तोच, प्रोग्राम तोच, बटण दाबणारा हातही तोच. मग बिघाड त्याच्यात कसा?

घरी त्यानं बेबीबाईला सगळं सांगितलं. ती म्हणाली, "मंग त्या लाइनवाल्याले कायले इचारता? तो तं आपलीच लाइन चांगली म्हनन. जेच्याकडून मेलचा पत्ता घेतला त्याले इचारा."

पत्ता घेतला होता पुण्याच्या एका छोट्या कंपनीकडून. सकाळी चंपत खोलीत गेला. केबल जोडून झाली होती. त्यानं पुण्याला फोन लावला. तिकडं साक्षी नावाची मुलगी होती. मोबाइलच्या नेटवर मेल गेल्याचं सगळं तिनं ऐकून घेतलं, पण राउटरचं नाव काढलं नाही. पहिलाच प्रश्न केला, "तुम्ही अलीकडे इंटरनेटची कंपनी बदललीत का?"

इतक्या दिवसांत हे त्याला कुणी विचारलंच नव्हतं.

"हो. बदलली नं."

"सेटिंगमध्ये जाणाऱ्या मेलचा पोर्ट कोणता आहे? आकडा असेल बघा."

"पंचवीस."

"तिथंच अडलंय. पोर्ट म्हणजे मेल बाहेर पडायचं दार समजा. पंचवीस नंबरचं दार बऱ्याच इंटरनेट कंपन्या बंद ठेवतात. व्हायरस लागलेले कॉम्प्युटर त्यातूनच फालतू मेलींचा मारा करतात. तुमच्या जुन्या लाइनवर ते उघडं होतं, मोबाइलच्या नेटवरही आहे, नव्या लाइनवर बंद आहे. मेल येते ती दुसऱ्या दारानं, म्हणून तिला काही झालं नाही. आता तिथं पाचशे सत्त्याऐंशी लिहा. खाली सुरक्षित जोडणी निवडा. पाठवतानाही नाव-पासवर्ड द्यायचा, तिथं खूण करा."

चंपतनं लिहिलं, निवडलं, खूण केली. नुसतं बेबीबाईचं नाव टाइप करून स्वतःच्याच पत्त्यावर पाठवली. चक्र फिरलं न फिरलं तोच खिशातला मोबाइल वाजला. मेल आली होती.

त्याला आनंद व्हायला हवा होता. पण त्याला राग चढला. एक आकडा. एवढ्यासाठी मेथी ढोरांनी खाल्ली, गाडी रिकामी गेली, भरल्या बैठकीत इज्जत गेली.

तो तसाच उदयसिंगच्या दुकानात गेला.

"पंचवीस नंबर बंद केला तुमच्या कंपनीनं. एक शब्द तरी सांगाचा होता!"

उदयसिंग राउटरची खोकी लावत होता. तो थांबला. "भाऊ, कसम से, मले पोर्ट-बिर्ट काई माईत नाई. मले वायर जोडाले अन् स्पीड दाखवाले शिकवलं. कंपनीनं मले सांगतलं असतं तं मी तुमाले नसतं सांगतलं का?"

त्याच्या चेहऱ्याकडे पाहून चंपतला कळलं की हा खोटं बोलत नाही. तेच जास्त वाईट होतं. ज्याच्यावर ओरडावं असा माणूसच कुठं सापडत नव्हता. तो परत फिरला.

त्या दिवसापासून मेल जाऊ लागली, गाडीही येऊ लागली. मेथी-सांभाराची ऑर्डर मात्र परत आली नाही. रुचिकानं वर विचारून पाहिलं, नकारच आला. चंपतनं बैठकीत आकड्याची सगळी हकिगत सांगितली. लोकांनी मान हलवली. किती जणांना पटलं, कोण जाणे. मागाहून 'आमचं चुकलं' असं कुणी म्हटलं नाही, आणि त्याला तेच जास्त लागलं.

काही दिवसांनी उकंडराव त्याच्या वावरात आले. चंपत वांग्याला पाणी देत होता. म्हातारा वावराच्या कडेच्या धुऱ्यावर बसला, काठीनं ढेकूळ फोडत राहिला. बैठकीतल्या बोलण्याबद्दल एक शब्द काढला नाही. मग म्हणाला, "मेथी पुन्हा पेरू का नको, चंपत?"

"तुमचं वावर हाय, तुमी पाहा," चंपत म्हणाला आणि पाणी दुसऱ्या सरीत वळवलं.

उकंडराव उठले नाहीत.

सरी भरली तसा चंपत फावडं टेकवून उभा राहिला. राग गेला नव्हता. "पालक पेरा, काकाजी," तो म्हणाला. "कंपनीवाले पालक घेऊन राह्यले."