कडी काढणाऱ्या कांबळे सिस्टर

कांबळे सिस्टरनी वॉर्डच्या दाराची कडी उपटून टाकली होती. आम्हाला मार बसू नये म्हणून.

बरोबर वाचलंत. लावली नव्हती, काढली होती.

सिस्टर काल गेल्या. नव्वदी ओलांडली होती. रडकी पोस्ट लिहिली तर त्या वरूनही डोळे वटारतील. म्हणून ही जिंकलेल्या लढाईची गोष्ट.

सत्तरचं दशक. सोलापुरातलं एक हॉस्पिटल. मी मोहोळहून आलेली नवीकोरी नर्स आणि कांबळे सिस्टर आमच्या इन्चार्ज.

तेव्हा पद्धतच अशी होती. पेशंट सीरियस झाला की नातेवाइकांना बाहेर काढायचं आणि आतून कडी घालायची.

पेशंट गेला, तर बाहेर जाऊन सांगायचं कोणी? आयानं! डॉक्टर मागच्या दारानं पसार.

एकदा गंगूबाई आया अशीच बातमी सांगायला गेली. लोकांनी तिला भिंतीवर ढकललं. बांगड्या फुटून मनगटात घुसल्या. तिच्याच वॉर्डात मी तिचं ड्रेसिंग केलं.

आमच्या सुपरिंटेंडंट साहेबांनी लगेच उपाय शोधला. आणखी जाड लोखंडी कडी.

ती बसली, आणि दुसऱ्याच दिवशी सिस्टरनी सुतार बोलावून काढायला लावली.

साहेब तणतणत आले. "अहो सिस्टर, डोकं ठिकाणावर आहे का? उद्या तुम्हालाच मारतील!"

"साहेब, आपण आत मरमर मरायलोय आणि बाहेर लोकांना वाटतंय, हे कायतरी लपवायलेत. दार बंद असल्यावर दुसरं काय वाटंल?"

"मग काय करायचं म्हणता?"

"घरातलं एक माणूस आत बसंल, शेवटपर्यंत. आणि वाईट बातमी डॉक्टर सांगतील. आया न्हाई."

"काही झालं तर तुमची नोकरी जाईल."

"जाऊ दे की."

असं म्हणणाऱ्या बाईच्या पगारावर अख्खं घर चालत होतं, हे आम्हा सगळ्यांना माहीत होतं.

परीक्षा लवकरच आली.

पूर्व भागातल्या तेलुगू वस्तीतला एक तरुण विणकर, कारखान्यात माळ्यावरून पडलेला. डोक्याला जबर मार. गिरणीचा भोंगा झाला, पाळी सुटली, तशी बाहेर ही गर्दी!

सिस्टरनी त्याच्या थोरल्या भावाला, नरसय्यांना, आत घेतलं. कॉटजवळ स्टूल दिलं.

"अण्णा, हितं बसा. ही सलाईन. आता ऑक्सिजन लावायलोय. काय कळलं न्हाई तर विचारा."

नरसय्या धाकट्याचा पाय धरून बसले. आम्ही काय काय केलं, सगळं बघत राहिले.

तो वाचला नाही.

आमचे तरुण डॉक्टर सवयीनं मागच्या दाराकडे वळले. सिस्टर आडव्या उभ्या.

"डॉक्टर, अगोदर अण्णांशी बोला. मग पुढच्या दारानं."

डॉक्टर परत आले. नरसय्यांच्या शेजारी बसले आणि स्वतःच्या तोंडानं सांगितलं. नरसय्या हमसून हमसून रडले.

तो आवाज बाहेर गेला आणि गर्दी दारावर आदळली. कडी नव्हतीच. दार सताड उघडलं. समोर मी. एकाचा हात माझ्यावर उगारलेला.

खरं सांगते, त्या क्षणी मला ती जाड कडी हवी होती.

तेवढ्यात नरसय्या उठले. माझ्यापुढे येऊन, दोन्ही हात चौकटीला लावून उभे राहिले. आधी तेलुगूत ओरडले, मग सगळ्यांना कळावं म्हणून मराठीत.

"हात खाली! मी आत होतो. सगळं बघितलं. या पोरीनं घोटभर पाणी पण पिलं न्हाई!"

उगारलेला हात खाली आला. तो माणूस तिथेच मटकन बसून रडायला लागला.

त्याला पाणी कोणी दिलं? गंगूबाईनं. मनगटावर पट्टी तशीच होती.

दुसऱ्या दिवशी साहेबांनी स्वतः सुतार बोलावला. बाकीच्या वॉर्डांच्या कड्या काढायला!

आम्ही नर्सिंग रूममध्ये चहा प्यायलो, फक्त नाचायचंच बाकी होतं. मी तिथे होते तोवर आमच्या वॉर्डात पुन्हा कोणावर हात पडला नाही.

काल हॉस्पिटलात सिस्टरच्या कॉटजवळच्या स्टुलावर मी बसले होते. घरच्यांनीच आग्रहानं बसवलं.

सगळं संपलं तेव्हा बाहेर सिस्टरचा नातू हात उगारून एका तरुण नर्सच्या अंगावर धावून गेला. "तुम्ही काहीच केलं नाही!" ती पोर भिंतीला चिकटलेली.

मी मध्ये उभी राहिले. गुडघे दुखतात हो, पण राहिले.

"हात खाली, बाळा. मी आत होते. सगळं बघितलं."

तो माझ्या खांद्यावर डोकं ठेवून रडला. त्या पोरीनंच त्याला पाणी आणून दिलं.

सिस्टर, तुमची ड्यूटी संपली. दाराला कडी नाही. निवांत जा.