ढवळीसाठी आणलेलं इंग्रजी पुस्तक

बायकांनी इंग्रजी शिकू नये असं उघडपणे म्हणणारा ठाण्यातला शिकलेला माणूस आता बहुधा मी एकटाच उरलो आहे. लोकांना वाटतं, कचेरीत डोकं म्हातारं झालं. तसं काही नाही! याच्या मुळाशी एक गाय आहे.

गाय माझ्या थोरल्या बहिणीची. ताईचे यजमान गेल्यावर सासरच्यांनी तिला माझ्याकडे पोचवलं, ते एक ट्रंक आणि ढवळी नावाची गाय देऊन. ट्रंक सासूबाईंची निघाली, ती महिन्याभरात परत मागवली! म्हणजे या जगात ताईचं म्हणावं असं उरलं ते ढवळी आणि तिचं वासरू. पहाटे गोठ्यातून तिचं ढवळीशी चाललेलं बोलणं ऐकू यायचं. आमच्याशी ती दिवसभरात तेवढं बोलत नसे.

ढवळी दूध भरपूर द्यायची, पण पेंड त्याहून भरपूर खायची. दूध विकावं, तर ब्राह्मणानं दूध विकायचं नाही. आळीत तोंड दाखवायला जागा राहिली नसती. शेवटी एकदा मी जेवताना म्हणून गेलो, "ताई, ढवळीला कल्याणला मामांकडे पाठवू या का?"

वाढायला घेतलेला भात ताईनं परत भांड्यात ठेवला. मला फार वाईट वाटलं, आणि वाईट वाटलं की मी पुस्तकाची गोष्ट काढतो. (हा माझा जुना रोग.)

"तसं नाही गं! गाई कशा पाळाव्यात, दुधाचं काय काय करावं, यावर साहेब लोकांनी पुस्तकं लिहिलीत. एखादं चांगलंसं मिळू दे, मग बघू."

"मग आण की!" ताई म्हणाली.

आता आली का पंचाईत! ठाण्यात एक पोथी मिळाली. तिच्यात गाईच्या अंगावर भोवरा कुठे असला की धनी मरतो, एवढंच होतं. (ढवळीला तो भोवरा होता. मी पोथी त्याच दिवशी परत केली.) कल्याणच्या वाचनालयातल्या गृहस्थांनी घोड्यांच्या रोगांवरचं पुस्तक पुढे केलं.

"अहो, गाय आहे आमची!"

"चार पाय आहेत ना? मग न्या!"

अखेर तळ्याजवळच्या बंगल्यातला एक साहेब विलायतेला निघाला, त्याच्या सामानाच्या लिलावात, एका फुटक्या किटलीबरोबर, मला हवं ते पुस्तक मिळालं. गाई पाळणं आणि घरच्या घरी चीझ करणं! मी नाचतच घरी आलो. दूध विकू नये असं शास्त्र आहे, पण चीझ विकू नये असं कुठल्या शास्त्रात लिहिलंय?

पुस्तक गोमातेचं, म्हणून ताईनं ते चौरंगावर ठेवून फूल वाहिलं. बायकोनं हळदकुंकू लावलं. शेजारच्या काकू कापूस घेऊन वाती वळायला बसल्या. आणि मी, आधी एक पानही न चाळता, पुराणिकाच्या थाटात वाचून मराठीत सांगू लागलो.

गाईला रोज खरारा करावा. "वा!" गोठा कोरडा ठेवावा. "अगदी बरोबर!" मग चीझचा अध्याय लागला. दूध कोमट करावं. त्यात...

पुढे लिहिलं होतं की वासराच्या पोटातलं अस्तर कापून घ्यावं, मिठात वाळवावं आणि त्याचं पाणी दुधात घालावं. नेमकं त्याच वेळी गोठ्यातून वासरू हंबरलं!

"थांबलास का?" ताईनं विचारलं.

"संपला अध्याय."

"संपला कसा? त्यात म्हणालास आणि संपला? दामू, अर्धा अध्याय टाकून उठू नये. गोमातेचा कोप होतो!"

मी पानावरून नजर वर काढली. समोर चुलीवर सार उकळत होतं.

"त्यात... आमसूल घालावं!"

"विलायतेत आमसूल?" काकूंनी वात खाली ठेवली.

"त्यासाठीच तर ते इकडे आले, काकू!"

दुसऱ्या दिवशी ताईनं डोळ्यांत पाणी आणून चांगलं दूध हातानं नासवलं. गुलाबी गोळा झाला. तो मीठ लावून पाट्याखाली दाबला आणि पुस्तकात होतं म्हणून कोठीच्या मागे अंधारात ठेवला. हळूहळू वास सुटला. काकू म्हणाल्या, "उंदीर मेलाय." बायको म्हणाली, "ऐकलंत का, एक नाही, बरेच मेलेत." ताई मात्र म्हणायची, "पुस्तकात आहे ना? मग राहू दे." तिचा तो विश्वास पाहून मला तोंड लपवावंसं वाटे. मामांना पत्र पाठवायचं मी मनात नक्की केलं होतं.

त्याआधी एकदाच विचारून बघावं म्हणून बंगल्यावरच्या बटलरला बोलावलं. त्यानं उंबऱ्यातच नाक वर केलं.

"बराबर! साहेबाच्या विलायती डब्यातून हाच वास येतो!"

त्यानं एक तुकडा बंगल्यावर नव्यानं आलेल्या साहेबासाठी नेला, आणि साहेबाचा निरोप आला की असं चीझ त्याच्या मुलखातसुद्धा मिळत नाही. (यात खोटं काहीच नव्हतं.) ढवळी राहिली. तिच्या पेंडीचा खर्च आता ताई चीझच्या पैशांतून आपल्या हातानं देते, आळीतून मान वर करून चालते, आणि माझ्यापेक्षा मोठ्यानं हसते. मला त्याचा मनापासून आनंद आहे.

फक्त आता तिला पुस्तकातले पुढचे अध्याय हवेत. "दामू, तुझी कचेरी सुटायची वाट किती बघू? मला इंग्रजीच शिकव ना!" स्त्रीशिक्षणावर ठाण्यात पहिलं भाषण ठोकणारा मी, "या वयात डोळ्यांना त्रास होईल गं" म्हणून सटकतो. पण ती काय ऐकते! स्टेशनावरच्या पाट्या आणि औषधाच्या बाटल्या बघून तिनं अक्षरं जुळवायला घेतली आहेत.

काल पुस्तक उघडून, चीझच्याच पानावर बोट ठेवून तिनं मला हाक मारली.

"दामू, हे 'काल्फ' असं काहीतरी लागतंय बघ. काल्फ म्हणजे काय रे?"

"आमसूल," मी म्हणालो.