टेकाडाचे राखणदार श्रीधरकाका

श्रीधरकाकांची आणि माझी पहिली भेट झाली तेव्हा माझ्या हातात खुरपे होते. हॅम्बर्गला येऊन मला तीनच महिने झाले होते. घरचे गणपती झाले, पण निर्माल्य कचऱ्याच्या डब्यात टाकवेना. म्हणून शहराबाहेर शेतांमधले एक गवताळ टेकाड गाठून मी तिथे खड्डा खणत होते. पुण्याहून आई फोनवर सूचना देत होती. तेवढ्यात मागून चक्क मराठीत आवाज आला, "अहो बाई, थांबा! ही कुणाची तरी समाधी आहे."

ते ब्राँझयुगातले थडगे निघाले, तेही कायद्याने संरक्षित. बंदरातल्या क्रेनचे इंजिनिअर म्हणून निवृत्त झालेले काका त्याची बिनपगारी राखण करतात. सायकलवरून येतात, झुडपे छाटतात, सशांचे नवे बीळ दिसले तर वहीत टिपून ठेवतात.

मी गयावया केली, "काका, माझी प्रोबेत्साइट, म्हणजे नोकरीतला चाचणीचा काळ, चालू आहे. तक्रार झाली तर नोकरी जाईल, मग व्हिसाही. खड्डा बुजवते ना, कुणाला कळणार?"

"मला कळलंय ना! आल्झो," काका जर्मन वळणाने म्हणाले, "तर मग आता पुरातत्त्व कार्यालयात फोन करायचा."

त्या क्षणी ते मला भयंकर खडूस वाटले, हे आज त्यांच्या पंचाहत्तरीच्या गौरवग्रंथात कबूल करते. पण सोमवारी ते स्वतः माझ्यासोबत कार्यालयात आले. मी तोंड उघडायच्या आत त्यांनीच तिथल्या बाईंना सांगितले, "वादळात माहितीची पाटी पडली होती, ती पुन्हा लावायचे काम मी आठवडाभर टाळले, तेव्हा आधी माझी चूक लिहा." बाईंनी दोघांच्याही चुका लिहिल्या आणि मला समज देऊन सोडले. बाहेर आल्यावर मला रडूच कोसळले. काकांनी डब्यातले थालीपीठ पुढे केले.

तेव्हापासून गणपतीनंतर सगळ्या मराठी घरांचे निर्माल्य काकांच्या बागेत जमते. त्याच्या खतावर त्यांचे डेलिया असे फुलतात, की शेजारच्या आजी कुंपणापाशी उभ्या राहून हेवा करतात.

आता काकांचे गुडघे कुरकुरतात. गेल्या महिन्यात त्यांनी राखणदारीसाठी कार्यालयाला माझे नाव सुचवले. मला केवढा अभिमान वाटला! तरीही मी अर्ज भरला तो मदतनीस म्हणूनच.

काका, ठणठणीत राहा, शंभरी गाठा. माझ्या हातून अजून पुष्कळ चुका व्हायच्या आहेत.