दर सांगून गप्प बसणं

विमानतळाजवळच्या एयरोसिटी वसाहतीत राहणारी माझी भाची नोकरी सांभाळून कंपन्यांसाठी लिहिते आणि लेखामागे माझ्या तिप्पट पैसे घेते. ती शाळेत होती तेव्हापासून मी लिहितोय, हे मी तिला दर भेटीत ऐकवतो. जळत वगैरे नाही मी, पण परवा तिनं आणलेली बर्फी मला काही गोड लागली नाही.

"मामा, दर सांगितल्यावर तू पुढे काय बोलतोस?"

"जास्त वाटत असेल तर कमी करू, असं म्हणतो."

"यार मामा! दर सांगायचा आणि गप्प बसायचं."

दुसऱ्याच दिवशी पंचकुल्यातल्या एका फर्निचरवाल्यानं माहितीपत्रक लिहून घ्यायला फोन केला. मी बेधडक भाचीचा दर सांगितला आणि ओठ घट्ट मिटले. पलीकडेही शांतता. "कमी करू" अगदी जिभेवर आलं होतं, तेवढ्यात तो म्हणाला, "ठीक है जी, पक्का."

मी ऐटीत भाचीला कळवलं. ती मनापासून खूश झाली.

"मस्त, मामा! मीसुद्धा मागच्या महिन्यापर्यंत तेवढेच घ्यायचे."

फोन ठेवला, तर बायको विचारते, "काम मिळालं ना? मग तोंड का पडलंय?"