जोडीचा कॅप्टन

"हँडब्रेक?"

जीपमध्ये बसल्याबरोबर कॅप्टनसाहेब विचारायचे. मी "काढला" म्हणेपर्यंत दार लावायचे नाहीत. मग "डिझेल?", मग "मागं म्हैस?" यवतमाळच्या धावपट्टीवरून गावात यायला जेवढा वेळ लागे, तेवढा निघायलाच लागायचा. मी वैतागून म्हणायचो, "साहेब, जीप हाय ही. उडून नाही राह्यली."

"म्हणून तर म्हशीचं विचारलं," ते म्हणायचे.

कापसाचे ते वाईट दिवस. कापसातली सरकी काढणाऱ्या जिनिंगा धडाधड बंद पडत होत्या. दिग्रसच्या जिनिंगमधली माझी नोकरी गेली, म्हणून मी जीप चालवायला लागलो. मुंबईचे एक शेठ बंद जिनिंग विकत घ्यायला छोट्या जेट विमानानं यायचे. विमान कॅप्टनसाहेब आणायचे. सोबत दुसरा पायलट, गोलमटोल, बायकोनं डाएटवर ठेवलेला.

आता तुम्ही म्हणाल, एवढ्याशा विमानाला दोघं कशाला? मीही तेच विचारलं, कारण शेठचाच आणखी एक पायलट हेच विमान एकटा आणायचा.

"विमान तेच, परीक्षा दोन," साहेब म्हणाले. "एकट्यानं दिली तर एकट्यानं उडवा. मी जोडीनं दिली. लायसनवर तसं लिहिलंय."

"म्हंजे तुमी जोडीतले बैल."

"बैल तर बैल!" साहेब इतके हसले की चहा सांडला.

घोटाळा मीच केला. आमच्या वावरात गोवऱ्यांवर भाजलेल्या कणकेच्या रोडग्यांचं जेवण होतं, तिथं दोघांना घेऊन गेलो. आमच्याकडे पाहुणा "पुरे" म्हणाला की वाढणाऱ्याला खरा जोर चढतो. साहेबांनी दोन्ही हातांनी ताट झाकलं, ते वाचले. दुसऱ्याला मी, ह्या हातांनी, तुपात बुडवून पाचवा रोडगा वाढला. वर वांग्याची झणझणीत भाजी. तासाभरात गडी पोट धरून आमच्या बाजेवर आडवा.

चार वाजता शेठ धावपट्टीवर आले. साहेबांनी सांगितलं, "दुसरा पायलट आजारी आहे. मला एकट्याला परवानगी नाही."

"आपला तिसरा पायलट एकटा आणतो की हेच विमान!"

"त्यानं तशी परीक्षा दिलीय."

"इथं कोण बघायला बसलंय? सकाळी माझी मुंबईत सही आहे. उडवा, नाहीतर उद्यापासून येऊ नका."

साहेबांचा चेहरा उतरला. घरी दोन मुली शिकत होत्या, मला माहीत होतं. विमानाकडे एकदा पाहून ते म्हणाले, "मग नाही येणार."

शेठना मुंबईच्या विमानासाठी नागपूरला मीच सोडलं. वाटभर त्यांनी साहेबांना, मला आणि वांग्यांनाही शिव्या घातल्या. दुसऱ्या दिवशी मी साहेबांसमोर हात जोडले. "माह्या रोडग्यानं तुमची नोकरी खाल्ली जी."

"रोडगा मस्त होता हो," ते म्हणाले. "मी उगाच ताट झाकलं."

तिसऱ्या दिवशी दुसरा बरा झाला. विमान मुंबईला पोचवायचंच होतं. उडण्याआधी साहेबांची मान त्याच्याकडे वळलेली दिसली. काहीतरी विचारत असणार.

पुढच्या महिन्यात तो एकट्यानं उडवणारा आला. भला माणूस, हुशारही. जीपमध्ये बसला, दार लावलं आणि "चला" म्हणाला.

माझा हात किल्लीवर तसाच राहिला.

"काय झालं? निघायचं ना?"

"निघतो जी," मी म्हटलं. "पण आधी हँडब्रेकचं विचारा नं."